गेटवरची हजेरी आणि आजची वेठ

दरवर्षी १ जानेवारीला लाखो भीमअनुयायी कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावरची अवजड वाहतूक शिरूरकडून न्हावरा, केडगाव चौफुला या मार्गाने दौंड तालुक्यात वळवतात आणि यवतवरून सोलापूर रस्त्याने हडपसरकडे सोडतात. आपण अभिमानाने स्तंभाकडे चालत असतो तेव्हा नगर रोडचे ट्रक यवतच्या रस्त्याला लागलेले असतात. त्या ट्रकांच्या केबिनमध्ये कोण बसलेला आहे, याचा विचार आपल्यातल्या किती जणांनी केला?

२०२४ सालच्या १ जानेवारीला हा योग वेगळ्याच तऱ्हेने जुळून आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध त्याच दिवशी देशभरातल्या ड्रायव्हरांनी स्टेअरिंग सोडले. अपघात करून पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे ते कलम. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, टँकर उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी रात्री केंद्रीय गृहसचिवांना वाहतूकदारांशी बोलून सांगावे लागले की हे कलम एवढ्यात लागू होणार नाही. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली, त्यातून ते कलम तेवढे बाजूला ठेवले गेले. ज्यांना कोणी नाव विचारत नाही, ज्यांना गाडीच्या नंबराने हाक मारली जाते, त्या माणसांनी दोन दिवसांत दिल्लीला थांबायला लावले. आम्हाला त्याचे कौतुक आहे.

पण ते आंदोलन शिक्षेपुरते राहिले. ड्रायव्हरचा रोजचा प्रश्न त्यात आलाच नाही. तो प्रश्न पगाराचा आहे, आणि पगारातही विशेष करून त्या तासांचा, ज्यांचा पगार त्याला कोणीच देत नाही. गाडी चालते तेव्हा ड्रायव्हर कमावतो. गाडी उभी राहते तेव्हा तो काय करत असतो? मालक म्हणतो, आराम करतो. कारखानदार म्हणतो, ते आमच्याकडे कशाला विचारता. कायदा काय म्हणतो ते पुढे सांगणार आहोत, आणि ते वाचून वाचकांना संताप आल्यावाचून राहणार नाही.

यवत हे गाव हा प्रश्न समजून घ्यायला सोयीचे आहे. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, सोलापूर महामार्गावर. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता ६५ झाला. पुण्याच्या बाजूला लोणी काळभोरचे तेल डेपो, सोलापूरच्या बाजूला कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत, आजूबाजूला साखर कारखाने आणि गुऱ्हाळे, नदीपलीकडे शिरूर तालुक्यात सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने. यवतला संत तुकारामांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून वाढतात, त्याचे फोटो सगळ्या पेपरांत येतात. वाटेवरच्या माणसाला जेवू घालणारे हे गाव आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस ज्यांची आख्खी जिंदगी वाटेवर जाते त्यांचे फोटो कोण काढणार? ते ढाब्यासमोरच्या बाजेवर पडलेले असतात आणि त्यांचा एक कान फोनकडे असतो. नंबर लागल्याचा फोन आला की उठायचे.

ज्यांच्या घरात ड्रायव्हर नाही त्यांना या खोळंब्याची कल्पना येणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडी कारखान्याच्या गेटवर येते. वॉचमन वहीत नंबर लिहितो आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतो. आत माल तयार नसतो, किंवा तयार असतो पण भरणारे हमाल दुसऱ्या गाडीला लागलेले असतात, किंवा साहेब जेवायला गेलेले असतात. मग वजनकाट्याची रांग. मग बिल्टी, बिल, ई-वे बिलाचे कागद. निघेपर्यंत शहराच्या हद्दीत अवजड वाहनांच्या बंदीची वेळ सुरू होते, म्हणजे पुन्हा रस्त्याकडेला मुक्काम. माल पोचवायच्या ठिकाणी हेच सगळे उलट्या क्रमाने. गोदामात जागा नाही, आज रविवार आहे, मालाची तपासणी व्हायची आहे. गाडी खाली झाली तरी पोच पावतीवर सही व्हायला अर्धा दिवस जातो, आणि ती सही नसेल तर मालक भाड्याचे बिल करू शकत नाही. त्यानंतर परतीचा माल मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टनगरात पडून राहायचे. गळीत हंगामात तर आमच्या भागात हे चित्र कोणालाही पाहता येते. साखर कारखान्याच्या वाहनतळावर उसाच्या गाड्या काट्याची वाट पाहत उभ्या असतात, आणि वाहतुकीचा दर टनावर ठरलेला असतो. वजनाला भाव आहे. वेळेला नाही.

या सगळ्या काळात ड्रायव्हरला गाडी सोडून जाता येत नाही. टाकीतले डिझेल, बॅटरी, ताडपत्री, आतला लाखोंचा माल, यातले काहीही गेले तर ते त्याच्या पगारातून कापले जाते. रांग पुढे सरकली आणि हा जागेवर नसला तर नंबर गेला. म्हणजे तो पहारा देत असतो आणि हुकमाची वाट पाहत असतो. गेटच्या आत खुर्चीवर बसलेला वॉचमनही तेच करतो. तो वॉचमन बहुधा आपल्याच वस्तीतला कंत्राटी पोरगा असतो आणि त्याचा पगारही काही फार नसतो, पण बारा तास बसला की बारा तासांची हजेरी लागते. गेटच्या बाहेर त्याच कंपनीचा माल राखत बसलेल्या ड्रायव्हरची हजेरी कोणत्याच वहीत लागत नाही. वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर असतो, माणूस नसतो.

पूर्वी गाडीवर क्लीनर तरी असे. एक जण गाडीपाशी थांबला की दुसरा आंघोळ करून, जेवून येई. भाडे परवडत नाही म्हणून अनेक मालकांनी क्लीनर काढून टाकला आणि दोघांचा खोळंबा एकाच्या अंगावर आला. गेटबाहेर संडास नाही, पिण्याचे पाणी नाही, सावली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण इंजिन बंद केले की एसी बंद, आणि उभ्या गाडीत डिझेल जाळले तर त्याचा हिशेब ड्रायव्हरला द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात कुरकुंभच्या गेटवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला या एसीचा किती उपयोग, हे कायदा करणाऱ्यांनी एकदा केबिनमध्ये बसून पाहावे.

आता पैशाचे पाहू. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला कोठे फेरीवर पैसे मिळतात, कोठे किलोमीटरवर, कोठे थोडा पगार आणि वर रोजचा भत्ता. पद्धत कोणतीही असो, कमाई चाकाच्या फिरण्याशी बांधलेली असते. समजा एका फेरीचे ड्रायव्हरला चार हजार रुपये ठरले. जाण्याचे दोन दिवस. दोन दिवसांत गाडी खाली झाली तर दिवसाला दोन हजार पडले. पण भरताना एक दिवस गेला आणि खाली करताना एक दिवस गेला, तर त्याच चार हजारांत चार दिवस आले. हे चार दिवस म्हणजे ९६ तास, आणि त्यातला एकही तास त्याचा स्वतःचा नव्हता. भागाकार करून पाहा, तासाला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यातच जेवण, त्यातच चहा, आणि कित्येक ठिकाणी गेटवरची चिरीमिरीही त्यातच.

वाहतुकीच्या करारात 'हॉल्टिंग' नावाचा प्रकार असतो, हे आम्हाला माहीत आहे. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ गाडी अडकवून ठेवली तर माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने दिवसाला अमुक रुपये द्यायचे. पण पहिला एक-दोन दिवस बहुतेक ठिकाणी फुकटच धरला जातो. त्यानंतरचे पैसे मागितले तर पुढचे काम मिळत नाही, म्हणून पुष्कळ मालक मागतच नाहीत. आणि मिळाले तरी ते गाडी उभी राहिल्याचे पैसे म्हणून मालकाच्या बिलात जमा होतात. लोखंड उभे राहिले तर त्याला भाडे आहे. माणूस उभा राहिला तर काही नाही.

कायदा काय म्हणतो ते आता ऐका. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी, असे बरेच चांगले त्यात होते. पण कामाचे तास कशाला म्हणायचे याची व्याख्या करताना कायद्याने तीन गोष्टी मोजल्या. गाडी चालू असतानाचे काम. गाडीशी आणि मालाशी संबंधित इतर काम. आणि तिसरी गोष्ट, थांब्यावरची 'नुसती हजेरी', पण ती पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच! चौदा मिनिटे थांबलात तर ते काम आहे. चौदा तास थांबलात तर ती नुसती हजेरी आहे आणि ती या व्याख्येत बसत नाही. शोषणाला कायद्याची दारे कशी उघडी ठेवली जातात, त्याचा यापेक्षा चांगला नमुना आम्ही पाहिलेला नाही.

हा 'नुसती हजेरी' शब्दप्रयोग आपल्या कायदेकर्त्यांच्या डोक्यातून आलेला नाही. रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३९ साली एक करार केला, त्यात हे शब्द आहेत. त्या करारातल्या व्याख्येने नुसत्या हजेरीचा काळही कामाच्या तासांतच धरला होता. कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क सांगणाऱ्या कोणाच्याही ताब्यात आहे ना, मग तो वेळ कामाचा, इतका सरळ विचार त्यामागे होता. आपल्याकडे शब्द आले आणि सोबत पंधरा मिनिटांचे कुंपण आले.

तेही कुंपण पाच माणसांच्या आत लागूच नव्हते. ज्या वाहतूक व्यवसायात पाच किंवा अधिक कामगार आहेत त्यांनाच १९६१ चा कायदा लागू होता. या देशात बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्या असणाऱ्या छोट्या मालकांचे आहेत, म्हणजे बहुसंख्य ड्रायव्हर कायद्याच्या बाहेरच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या. कामगारांच्या हिताची ऐतिहासिक सुधारणा म्हणून त्यांची जाहिरात झाली. त्यातल्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेने १९६१ चा कायदा पोटात घेतला. पंधरा मिनिटांची अट तिथेही जशीच्या तशी आहे, आणि पाच कामगारांची मर्यादा वाढवून दहा केली आहे. सुधारणा झाली ती कोणाची?

वाचकहो, या 'नुसत्या हजेरी'शी आपल्या समाजाची ओळख फार जुनी आहे. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? वेसकर वेशीवर बसायचा. महाराने चावडीवर हजर राहायचे. पाटील-कुलकर्णी बोलावतील तेव्हा जायचे, सरकारी कागद परगावी पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, ओझी वाहायची. वेळकाळ ठरलेला नव्हता. घरचा कर्ता नसेल तर बापाने किंवा पोराने जायचे. मोबदला कसला? गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते आणि हातावर टेकवलेले चार पैसे. चोवीस तास दुसऱ्याच्या ताब्यात, आणि तासांचा हिशेब विचारला तर तू काय काम करतोस, बसून तर असतोस, हे उत्तर.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामे ठरवा, मोबदला ठरवा, आणि ज्याला या बंधनातून सुटायचे आहे त्याला सुटू द्या, हा त्याचा गाभा. सरकारने आणि सवर्ण सभासदांनी ते विधेयक निरुपयोगी करून ठेवले, तेव्हा बाबासाहेबांनी ते मागे घेतले पण लढा सोडला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद झाली, ती याच प्रश्नावर. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तीस वर्षे लागली.

आम्ही महार वतन आणि ट्रक ड्रायव्हरची नोकरी एकच आहे असे म्हणत नाही. वतन जन्माने गळ्यात पडत होते, त्यात अस्पृश्यतेचा विटाळ होता, आणि ड्रायव्हर निदान कागदावर तरी नोकरी सोडू शकतो. पण माणसाचा वेळ फुकट वापरायची युक्ती तीच आहे. त्याला ताब्यात ठेवायचे, जागचे हलू द्यायचे नाही, आणि काम मोजायची वेळ आली की तो नुसता हजर होता असे म्हणायचे. आणि या केबिनमध्ये बसलेले कोण आहेत? ज्याच्याकडे बागायत नाही, शिफारस नाही, डिग्री आहे पण नोकरी नाही, असे मराठवाड्यातले, सोलापूर-नगरकडचे बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त, मुसलमान, कोरडवाहू मराठा-ओबीसी कुटुंबांतले तरुण. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले होते. त्या सभेतले लोक रेल्वेचे होते. आज माल रेल्वेपेक्षा रस्त्याने जास्त जातो आणि श्रोते महामार्गावर विखुरलेले आहेत.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले, त्याचा १९४८ साली कायदा झाला, आणि त्याच्या पहिल्याच परिशिष्टात सार्वजनिक मोटार वाहतुकीचे नाव होते. कारखान्यातला ५४ तासांचा आठवडा १९४६ साली ४८ तासांवर आला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. आणि १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेले कामही कलम २३ खाली सक्तीचे श्रम ठरते, कारण पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच आहे. मग ज्या तासांना एक पैसाही मिळत नाही, त्या तासांना काय म्हणायचे? आमच्या मते वेठ हाच शब्द त्याला लागू पडतो.

आता कोणी म्हणेल की वाहतूक म्हटली की खोळंबा आलाच, त्याला कोण काय करणार. हे खरे नाही, आणि ते खरे नाही हे सरकारनेच सिद्ध केले आहे. एके काळी ट्रक सगळ्यात जास्त कोठे थांबत? जकात नाक्यांवर, राज्यांच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यांवर, टोलवर. पुण्याची जकात २०१३ साली गेली, मुंबईची १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली, सीमेवरचे विक्रीकर नाके त्याच सुमारास उठले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. दशकानुदशके जे खोळंबे अटळ आहेत असे सांगत होते, ते काही वर्षांत बऱ्याच अंशी निकाली निघाले. कारण त्या खोळंब्याने व्यापाऱ्याचे, कंपनीचे आणि सरकारचे नुकसान होत होते. कारखान्याच्या गेटवरचा खोळंबा मात्र तसाच राहिला, कारण त्यात फुकट जातो तो ड्रायव्हरचा वेळ. जी वस्तू फुकट मिळते ती कोणी जपून वापरत नाही. तासाला पैसे मोजावे लागले असते तर त्याच कारखान्याने दोन हमाल वाढवले असते, दुसरा वजनकाटा बसवला असता, गाड्यांना वेळ ठरवून बोलावले असते.

युरोपियन युनियनने २००२ साली हाच मुद्दा नियमात बसवला. माल भरायला किंवा उतरवायला किती वेळ थांबावे लागेल हे ड्रायव्हरला आधी माहीत नसेल आणि त्याला गाडीपाशी तयार राहावे लागत असेल, तर तो वेळ कामाचा वेळ धरायचा. वेळ आधी सांगा म्हणजे तो निवांत झोपेल, नाहीतर मोजा. यात न समजण्यासारखे काय आहे? आणि यात फक्त ड्रायव्हरचे हित आहे असेही नाही. दिवसभर रांगेत जागा राहिलेला माणूस रात्री नऊला गाडी भरून निघतो. फुकट गेलेला दिवस भरून काढायला त्याला सकाळपर्यंत सोलापूर ओलांडायचे असते. त्याच रस्त्यावर यवतचे, भांडगावचे, वरवंडचे, पाटसचे लोक मोटारसायकलवर असतात.

छोट्या मालकाचीही बाजू आहे, ती आम्ही नाकारत नाही. एक-दोन गाड्यांचा मालक फायनान्सच्या हप्त्याखाली वाकलेला असतो, भाड्याचे पैसे त्याला दोन-तीन महिन्यांनी मिळतात, आणि कित्येकदा तो स्वतःच स्टेअरिंगवर असतो. त्याच्या खिशातून खोळंब्याचा पगार काढायला गेलो तर दोघेही मरतील. म्हणून पैसे त्याने द्यायचे ज्याच्या हातात गेट आहे. गाडी किती वेळ उभी राहील हे ना ड्रायव्हर ठरवतो ना मालक. ते ठरवते कंपनी.

हे महाराष्ट्रात होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याच गेटवरच्या हमालाकडे पाहावे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाचा मालक कोण हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्याच्याकडे, मग पगार, फंड, बोनस देणार कोण? कायद्याने मंडळे नेमली, माल ज्याचा त्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती हमालाला द्यायची असे ठरवले. मुंबईत अण्णासाहेब पाटलांची युनियन आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली म्हणून हे झाले, कोणी दया म्हणून दिले नाही. माथाडी मंडळांत पुढे काय काय शिरले ते सर्वांना ठाऊक आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण तत्त्व सिद्ध झाले. मालक अनेक असले, कामाची जागा रोज बदलत असली, तरी श्रमाची किंमत वसूल करता येते. केरळने १९८५ साली मोटार कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. महाराष्ट्रात हमालाच्या पाठीवर पोते देणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर मात्र आजही कोणाच्याच नोंदीत नाही. उलट पुष्कळ गेटवर गाडी खाली करायची हमाली त्याच्याकडूनच घेतली जाते.

ट्रक मालकांच्या संघटना आहेत, त्या मोठ्या आहेत. जुलै २०१८ मध्ये त्यांचा आठ दिवसांचा चक्का जाम झाला, डिझेल, टोल आणि विम्याच्या हप्त्यांसाठी. ड्रायव्हरच्या पगाराचा त्यात विषय नव्हता, आणि तो असावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. ड्रायव्हरची संघटना ड्रायव्हरनेच केली पाहिजे. पण आमच्या चळवळीचे काय? आमच्या कामगार संघटना बँकेत आहेत, विमा कंपनीत आहेत, रेल्वेत, महापालिकेत, एसटीत आहेत. एसटीच्या ड्रायव्हरला ड्युटीचा तक्ता आहे, ओव्हरटाइम आहे, २०२१-२२ साली पाच महिने संप करण्याइतकी ताकद आहे. त्याच वस्तीतला, त्याच्याच चुलतभावाचा पोरगा ट्रकवर आहे, त्याला यातले काही नाही. अनुशेष आणि बढत्यांची लढाई महत्त्वाचीच आहे, पण सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आणि आपली पोरे केबिनमध्ये जाऊन बसली. संघटना तिथवर गेली नाही.

मागणी फार मोठी करायची गरज नाही. गाडी गेटवर आली ती वेळ आणि बाहेर पडली ती वेळ पोच पावतीवर आणि बिल्टीवर छापील रकान्यात लिहिलीच पाहिजे, असा नियम राज्य सरकारने करावा. पहिल्या तासानंतरचा प्रत्येक तास कामाचा धरून त्याचा किमान वेतनाच्या दराने होणारा पैसा माल भरणाऱ्या किंवा घेणाऱ्या कंपनीने थेट ड्रायव्हरच्या बँक खात्यात जमा करावा, मालकाच्या बिलात नव्हे. माथाडीसारखे मंडळ ड्रायव्हरांसाठी व्हावे आणि ते कुरकुंभ, रांजणगाव, चाकण अशा औद्योगिक वसाहतींपासून सुरू करावे. आणि संहितेतली ती पंधरा मिनिटे काढून टाकावीत.

तोपर्यंत एक काम आपल्या तरुणांना आजपासून करता येण्यासारखे आहे. प्रत्येक गेटवर वॉचमनच्या वहीत आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ असते. त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. वॉचमन घेऊ देत नसेल तर गेटचा बोर्ड आणि गाडी दिसेल असा फोटो पोचल्यावर एक आणि निघताना एक काढायचा, त्यावर वेळ येते. महिन्याभराचे असे फोटो आणि पगाराची किंवा भत्त्याची नोंद जवळ असली तर वेतन संहितेखाली कमी वेतनाचा दावा लावता येतो, आणि वेतन संहितेला पाच किंवा दहा कामगारांची अट नाही. पुण्याच्या कामगार आयुक्तालयात असा एक दावा गेला तर तो फेटाळला जाईल. पन्नास गेले तर फाईल उघडावी लागेल. येत्या १ जानेवारीला नगर रोडच्या गाड्या यवतवरून वळतील तेव्हा आपल्या समता सैनिक दलाच्या आणि युवक संघटनांच्या कार्यकर्त्यांनी चौफुल्यावर आणि यवतला पाण्याच्या बाटल्यांसोबत हा दावा कसा करायचा याचे एक पानी पत्रक वाटावे.